इसार किती, सौदा केवढा: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

फराळाचे डबे रिकामे झाले, तसं काम सुरू केलं. प्रश्न एवढाच: ज्या वित्तसंस्था बँका नाहीत, म्हणजे एनबीएफसी (कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्या), म्युच्युअल फंड, एआयएफ (मोठ्या गुंतवणूकदारांचे पर्यायी फंड), विमा कंपन्या, पेन्शन फंड, त्यांच्या अंगावर डेरिव्हेटिव्ह्जमधून (ज्यांचं मूल्य शेअर, चलन, व्याजदर अशा दुसऱ्या कशावर ठरतं त्या करारांमधून) आलेलं आणि ताळेबंदात न दिसणारं लीव्हरेज, म्हणजे स्वतःच्या भांडवलापेक्षा मोठा घेतलेला सौदा, किती? आणि बाहेरच्या माणसाला नुसत्या छापील कागदांवरून ते मोजता येतं का?

आम्ही दोघं. मी संख्याशास्त्र शिकवतो. काका शेजारच्या इमारतीतले. मुंबईत बँकेच्या ट्रेझरीत हयात काढून आता गंगापूर रोडला स्थायिक झालेत. मी एखादा शब्द चुकीचा वापरला की ते काही बोलत नाहीत, नुसते खोकतात.

विषय लहान नाही. जगातल्या एकूण वित्तीय मालमत्तेतला जवळपास निम्मा वाटा, २०२३ अखेर ४९.१ टक्के, बँकांच्या बाहेर होता. हा आकडा फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्डाचा. याच बोर्डाने यंदा जुलैमध्ये बिगरबँक क्षेत्रातल्या लीव्हरेजवर अंतिम शिफारशी दिल्या. त्यातही विदा अपुरी असल्याची तक्रार आहेच.

लीव्हरेज लपतं कसं, ते स्वतःलाच एकदा लिहून दाखवलं. एका फंडाकडे १०० कोटी आहेत. त्याने आणखी १०० कोटी उसने घेऊन २०० कोटींचे शेअर घेतले, तर ताळेबंद २०० चा होतो आणि कर्ज समोर दिसतं. आता तोच फंड ८५ कोटींचे शेअर घेतो आणि उरलेले १५ कोटी मार्जिन (अनामत) भरून १०० कोटींचे फ्यूचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे खरेदी करार, घेतो. बाजार पडला तर त्याला १८५ कोटींवर मार बसणार. ताळेबंद मात्र १०० चाच, कर्ज शून्य. स्वॅप म्हणजे दोन पक्षांमधला पैशांच्या अदलाबदलीचा करार, त्याचंही तसंच. पहिल्या दिवशी त्याचं वाजवी मूल्य शून्याच्या आसपास असतं आणि ताळेबंदात तेवढंच चढतं.

कच्चा माल म्हणजे वार्षिक अहवाल. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये एनबीएफसींसाठी जो नमुना आहे, त्यात डेरिव्हेटिव्ह्जची वेगळी टीप द्यावी लागते: नोशनल रक्कम (सौदा ज्या रकमेवर बांधलाय ती), मालमत्तेच्या बाजूचं वाजवी मूल्य, देण्याच्या बाजूचं वाजवी मूल्य. तीन रकाने. सुरुवातीला पुरे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर पीडीएफ उघडल्या. अर्ध्या स्कॅन केलेल्या, एक तर आडवी. एका कंपनीचे आकडे कोटीत, दुसरीचे लाखात, तिसरीचे दशलक्षात. माझ्या स्क्रिप्टने तिघींना एकाच मापाने मोजलं आणि एक मध्यम आकाराची कंपनी देशातली सगळ्यात मोठी ठरली. दुरुस्त केलं. प्रत्येक ओळीला आता ‘माप’ नावाचा रकाना आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली यादी तयार झाली. सूत्र साधं होतं: कर्ज अधिक नोशनल, भागिले नेटवर्थ (स्वतःचं भांडवल). वरच्या क्रमांकावर जी कंपनी आली ती पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी, एकदम सोवळी. मी उत्साहाने काकांना दाखवायला गेलो. ते खोकले नाहीत, सरळ हसले.

“अरे, यांनी परदेशातून डॉलरमध्ये कर्ज काढलंय. त्या डॉलरचे रुपये व्हावेत म्हणून स्वॅप केलाय. कर्ज तू एकदा मोजलंस, मग त्याचाच स्वॅप पुन्हा मोजलास. एकच पोतं दोनदा काट्यावर घातलंस.”

बरोबर होतं. स्वॅपने जोखीम वाढली नव्हती, उलट कमी झाली होती. मग मी म्हणालो, ‘हेजिंग’, म्हणजे जोखीम झाकण्यासाठी, असं लिहिलंय तेवढे सगळे वगळतो. तेव्हा मात्र ते खोकले.

त्या टीपेत हेजिंगचे पोटप्रकार असतात आणि शेवटी एक ओळ असते ‘अनडेझिग्नेटेड’. म्हणजे हेज म्हणून हिशेबात न नोंदवलेले सौदे. ही ओळ दिसली की मी सट्टा समजत होतो. काकांच्या म्हणण्याप्रमाणे बरेचदा त्यात खरा हेजच असतो. हेज अकाउंटिंगची कागदपत्रं सांभाळायचा कंटाळा, म्हणून तिथे टाकलेला. याच्या उलटही होतं. हेज म्हणून नोंदवलेला सौदा अर्धवट असू शकतो. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर कॉल स्प्रेड काढून दाखवला. समजा कर्ज घेताना डॉलर ८३ रुपयांना होता. कंपनीने ८३ चा कॉल, म्हणजे ८३ ला डॉलर घेण्याचा हक्क, विकत घेतला, आणि त्याची किंमत (प्रीमियम) परवडावी म्हणून ९० चा कॉल विकून टाकला. डॉलर ९० पर्यंत गेला तर संरक्षण पूर्ण. ९५ ला गेला तर दर डॉलरमागे बोजा १२ रुपयांनी वाढतो, हातात येतात ७, उरलेले ५ खिशातून. अहवालात मात्र शब्द एकच: हेज्ड.

“पांघरूण आहे, पण पाय बाहेर,” काका म्हणाले. मग २००७-०८ च्या आठवणी निघाल्या. निर्यातदारांना बँकांनी हेजच्या नावाखाली गुंतागुंतीचे ऑप्शन, म्हणजे असेच हक्कांचे करार, विकले, चलनांचे भाव फिरल्यावर कित्येकांचं वर्षाचं उत्पन्न त्यात गेलं. एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने १९ बँकांना दंड केला. त्या काळातल्या टर्मशीट (कराराच्या अटींचे कागद) त्यांना अजून तोंडपाठ आहेत. चहा दोनदा झाला.

मी म्हणालो, “९० म्हणजे अजून लांब आहे.” काका काही बोलले नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज ऑप्शन्सचं माप. नोशनल घेऊन चालत नाही, कारण बाजारभावापासून फार लांबच्या स्ट्राइकचा (हक्काच्या ठरलेल्या भावाचा) ऑप्शन बाजार हलला तरी फारसा हलत नाही. म्हणून डेल्टा: निर्देशांक एक रुपया हलला तर ऑप्शन किती हलतो. सेबीनेही २९ मे २०२५ च्या परिपत्रकाने हाच रस्ता धरला. ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले सौदे, आता नोशनलवर न मोजता डेल्टावर मोजायचं. इंडेक्स ऑप्शनमध्ये दिवसअखेर निव्वळ १,५०० कोटी आणि ढोबळ १०,००० कोटी या मर्यादाही डेल्टावरच बांधलेल्या.

मी खूश झालो, कारण सूत्र स्वच्छ होतं. रात्री उदाहरण मांडलं आणि खुशी उतरली. निफ्टी २५,००० धरला, लॉट ७५ चा, म्हणजे एका लॉटची किंमत १८ लाख ७५ हजार. एका फंडाने खूप खालच्या स्ट्राइकचे पुट ऑप्शन (ठरल्या भावाला विकण्याचे हक्क) विकले, १,००० लॉट. नोशनल १८७.५ कोटी. डेल्टा ०.०५ असेल तर माझ्या तक्त्यात सव्वानऊ-साडेनऊ कोटींचा सौदा. किरकोळ. आता बाजार झटकन ५ टक्के पडला आणि स्ट्राइकच्या जवळ आला. डेल्टा ०.५ झाला. तोच सौदा आता ९० कोटींच्या घरात. फंडाने नवीन काही घेतलं नाही, विकलं नाही. लीव्हरेज मात्र त्याच्या घरात चालत आलं.

म्हणजे नोशनल जास्त दाखवतं आणि डेल्टा नेमका नको त्या वेळी कमी दाखवतो. काकांना फोन केला तर म्हणाले, “थर्मामीटर निरोगी माणसालाच लावायचं ठरवलंस तर असंच होणार.” दोन्ही रकाने ठेवतोय. युरोपात एआयएफना ढोबळ पद्धत आणि कमिटमेंट पद्धत (एकमेकांना झाकणारे सौदे वजा करून) अशी दोन्ही मापं द्यावी लागतात, ते उगाच नसणार. आपल्याकडे तिसऱ्या श्रेणीच्या एआयएफना निव्वळ मालमत्तेच्या दुप्पट एक्सपोजरची मर्यादा आहे. म्युच्युअल फंडांना तर शेअर, रोखे, डेरिव्हेटिव्ह्ज सगळं मिळून १०० टक्क्यांच्या वर जाता येत नाही. तिथे फार शोधण्यासारखं नाही. त्यांना यादीतून काढलं आणि जरा हायसं वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आर्केगॉसचा दिवस. मार्च २०२१ ची गोष्ट, बिल ह्वांगचं फॅमिली ऑफिस, म्हणजे त्याचा स्वतःचा पैसा गुंतवणारी संस्था. शेअर स्वतःच्या नावावर न घेता टोटल रिटर्न स्वॅप. शेअर बँकेच्या नावावर, नफा-तोटा आर्केगॉसच्या. त्यामुळे मोठा भागधारक म्हणून जाहीर करायची वेळच आली नाही. वर्षभरापूर्वी सुमारे दीड अब्ज डॉलर असलेलं भांडवल फुगून ३६ अब्जांपर्यंत गेलं, त्यावर सुमारे १६० अब्जांचे सौदे. फुगलेलं भांडवल म्हणजे बऱ्याच अंशी स्वतःच्याच खरेदीने चढलेला भाव. त्याच्या सौद्यांतल्या व्हायाकॉमसीबीएस या कंपनीने नवे शेअर विकायला काढले, भाव घसरला, मार्जिनची मागणी आली, आणि काही दिवसांत खेळ आटोपला. स्वॅप देणाऱ्या बँकांपैकी क्रेडिट स्वीसचे सुमारे साडेपाच अब्ज डॉलर गेले, नोमुराचे तीन अब्जांच्या जवळपास. ह्वांगला नोव्हेंबर २०२४ मध्ये १८ वर्षांची शिक्षा झाली.

मला अडवणारी गोष्ट दुसरीच. १६० भागिले ३६ म्हणजे साडेचार. साडेचार पट! माझ्या तक्त्यात हा फंड कुठल्या कुठे खाली राहिला असता. आपल्याकडच्या एखाद्या साध्या सोनेतारण कंपनीचंही कर्ज नेटवर्थच्या दोन-तीन पट असू शकतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मामाच्या मळ्यात, दिंडोरीकडे. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत लांबला, बागांचे हाल झाले, त्यामुळे मामाचा मूड काही बरा नव्हता. मी काय काम करतोय असं त्याने विचारलं. मी स्वॅप, मार्जिन वगैरे सांगायला लागलो, तर म्हणाला, “म्हणजे आमचा तो व्यापारी.”

ही गोष्ट मला अर्धवट माहीत होती, आज पूर्ण ऐकली. काही वर्षांपूर्वी एक व्यापारी गावात आला. भाव चांगला बोलला, प्रत्येक प्लॉटला थोडा इसार दिला, बाकीचे पैसे माल तुटल्यावर. मामाने प्लॉट दिला, शेजाऱ्याने दिला, पलीकडच्या शिवारातल्यांनी दिला. मग परदेशातला भाव बसला. व्यापारी माल तोडायलाच येईना, फोन बंद. तोपर्यंत घड पिकून गळायला आलेले, सगळ्यांनी एकाच आठवड्यात मिळेल त्या भावाने विकले आणि भाव आणखी पडला.

मी विचारलं, “त्याने एवढे सौदे केलेत हे कोणाला माहीत नव्हतं?”

“आरं, मला माझा प्लॉट ठावं, त्याला त्याचा. इसार सगळ्यांना मिळाला व्हता ना! इसार बघून वाटायचं, पार्टी तगडी हाय. समदे एका जागी बसलो आसतो तर तवाच कळालं आसतं, का ह्याच्या खिशात चार प्लॉटचे पैसे हायत आन् बोलून बसलाय चाळीस प्लॉट.”

परत येताना म्हसरूळपर्यंत हेच डोक्यात. आर्केगॉसच्या प्रत्येक बँकेला आपापला प्लॉट दिसत होता. इसारही नीट मिळत होता, क्रेडिट स्वीसकडे स्वॅपवर सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या बँकांकडे तोच माणूस तेच शेअर घेऊन बसलाय, हे एकत्र कोणी मांडलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

एकत्र मांडणारा कोणी आहे का, याचा शोध. आपल्याकडे व्याजदर आणि परकीय चलनाच्या ओटीसी (एक्स्चेंजबाहेर थेट दोघांत होणाऱ्या) डेरिव्हेटिव्ह्जची नोंद क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या, म्हणजे सीसीआयएलच्या, ट्रेड रिपॉझिटरीकडे (सौद्यांच्या नोंदवहीकडे) होते, आणि सहभागी संस्थांना एलईआय, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, लागतो. म्हणजे एका पक्षाचे सगळीकडचे सौदे जोडायची दोरी आहे. पण ती नियामकाच्या हातात. आम्हाला एकत्रित आकडे दिसतात, नावनिशीवार नाही. तसंच असायला हवं, त्याबद्दल तक्रार नाही.

जागतिक पातळीवर बीआयएसचे, म्हणजे मध्यवर्ती बँकांच्या बँकेचे, सहामाही आकडे. जून २०२४ अखेर ओटीसी डेरिव्हेटिव्ह्जचं नोशनल सुमारे ७३० लाख कोटी डॉलर, ढोबळ बाजारमूल्य १७ लाख कोटींच्या आसपास. एकाच गोष्टीचे दोन आकडे, मध्ये चाळीस पटींहून जास्त अंतर. बीआयएसच्याच संशोधकांनी डिसेंबर २०२२ मध्ये दाखवलं की एफएक्स (परकीय चलनाच्या) स्वॅप आणि फॉरवर्डमधून (पुढच्या तारखेच्या सौद्यांमधून) देणं असलेले डॉलर ८० लाख कोटींच्या वर आहेत, त्यातले २५ लाख कोटींपर्यंत अमेरिकेबाहेरच्या बिगरबँक संस्थांचे, आणि हे देणं ताळेबंदात कर्ज म्हणून दिसत नाही. एफएक्स स्वॅपमध्ये मुदतीअखेर मूळ रक्कम खरोखर परत द्यावी लागते. तिथे नोशनल नावापुरतं नसतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये व्याजदर स्वॅप आणि चलन स्वॅप वेगळे केले. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

३ डिसेंबर, बुधवार

डॉलर ९० च्या पार. सकाळी काकांचा मेसेज, नुसता आकडा, पुढे काही नाही.

तक्ता उघडून बसलो. पूर्ण स्वॅप केलेल्या कंपन्यांना आज स्वॅपवर नफा दिसतो, कर्जावर तेवढाच तोटा, गणित जुळतं. कॉल स्प्रेडवाल्यांचा पाय पांघरुणाबाहेर यायला लागला, पण किती जणांचा आणि कोणत्या स्ट्राइकवर, हे अहवालात नाही. स्ट्राइक कोणीच छापत नाही.

संध्याकाळी काका घरी आले. मी सहज विचारलं, रुपया उलट जोरात वधारला असता तर? स्वॅपवर तोटा, कर्जावर नफा, पुन्हा जुळलंच की. ते म्हणाले, “स्वॅपचा तोटा बँक आज मागणार. कर्जाचा नफा तुला कधी मिळणार?” कर्ज फेडाल तेव्हा. म्हणजे चार वर्षांनी.

ब्रिटनच्या पेन्शन फंडांचं सप्टेंबर २०२२ मध्ये हेच झालं. २३ तारखेला मिनी-बजेट आलं, रोख्यांचे व्याजदर उसळले. दीर्घ मुदतीच्या हिशेबाने फंडांची स्थिती उलट सुधारत होती, कारण भविष्यातल्या पेन्शनचं आजचं मूल्य कमी झालं होतं. पण स्वॅप आणि रेपोवर (रोखे गहाण ठेवून घेतलेल्या कर्जावर) तारण मागितलं गेलं, तेही लगेच. रोख नव्हती म्हणून सरकारी रोखे विकले. त्याने भाव पडले. भाव पडले म्हणून आणखी तारण. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला उतरावं लागलं आणि १४ ऑक्टोबरपर्यंत तिने १९.३ अब्ज पौंडांचे रोखे घेतले. त्या फंडांमध्ये सट्टेबाज कोणी नव्हता. हेज बरोबर होता, पैसे वेळेवर नव्हते.

म्हणजे ११ नोव्हेंबरला ‘हेज आहे’ म्हणून जे सौदे मी यादीतून काढले, ते परत आत घ्यायचे. वेगळ्या रकान्यात. तोट्याच्या हिशेबाने ते लीव्हरेज नाही, रोखीच्या हिशेबाने आहे.

नवा रकाना, तिसरा: रोख मागणी. ठरावीक धक्का द्यायचा, रुपया ५ टक्के कोणत्याही दिशेने, व्याजदर १ टक्का, निर्देशांक १० टक्के. त्या दिवशी मार्जिन आणि तारण मिळून किती पैसे काढावे लागतील, भागिले हातातली रोख आणि सरकारी रोखे. भाजक मिळण्यासारखा आहे: मोठ्या एनबीएफसींना डिसेंबर २०२० पासून एलसीआर, म्हणजे सहज रोख होणाऱ्या मालमत्तेचं किमान प्रमाण, लागू आहे आणि त्याची माहिती जाहीर करावी लागते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

थंडी. पहाटे गोदाकाठी फिरायला गेलो, बोटं वाकत नव्हती. मिसळ खाऊन परत. मार्जिनच्या अटी विचारायला काही कंपन्यांच्या सचिवांना ईमेल केले. बाकी काही नाही.

२१ डिसेंबर, रविवार

एक उत्तर आलं: ‘कृपया वार्षिक अहवाल पाहावा.’ वार्षिक अहवाल पाहूनच विचारलं होतं.

तिन्ही रकाने शेजारी लावले. ढोबळ नोशनलमध्ये वर असलेली ती सोवळी कंपनी रोख मागणीत मध्यावर आली. एक लहान कंपनी, जिच्याकडे आम्ही ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तिथून वर सरकली; स्वॅप थोडेच, पण हातात रोख त्याहून थोडी. क्रम इतका बदलेल असं वाटलं नव्हतं. त्यामुळे आनंदापेक्षा शंका जास्त आली.

५ जानेवारी २०२६, सोमवार

ओळखीच्या रुग्णांवर माप लावून पाहिलं. एलटीसीएम हा अमेरिकी हेज फंड, १९९८: वर्षाच्या सुरुवातीला भांडवल पावणेपाच अब्ज डॉलरच्या आसपास, मालमत्ता सुमारे १२५ अब्ज, म्हणजे २५ पटींहून जास्त. डेरिव्हेटिव्ह्जचं नोशनल मात्र सव्वा लाख कोटी डॉलरच्या वर, म्हणजे अडीचशे पटींच्या पुढे. त्यातला मोठा भाग एकमेकांना छेद देणारा; जुना स्वॅप मोडण्याऐवजी उलटा नवा करायचा, त्यामुळे ढीग वाढत गेलेला. शेवटी सप्टेंबरमध्ये १४ संस्थांनी मिळून ३.६ अब्ज डॉलर घातले.

एकीकडे अडीचशे पट, दुसरीकडे आर्केगॉस साडेचार पट, दोघेही बुडाले. पहिला बऱ्याच बाजारांत पसरलेला, दुसरा मोजक्या शेअरांत कोंबलेला. पटींचा आकडा एकटा घेऊन फिरण्यात अर्थ नाही. प्रत्येक ओळीपुढे आता दोन प्रश्न जोडतोय: सौदे किती ठिकाणी पसरलेत, आणि विकायला निघाले तर घेणारा कोण. दुसऱ्याचं उत्तर आकड्यात येत नाही, शब्दांत लिहितोय. काकांना हे आवडलेलं नाही; त्यांच्या मते शब्दांचा रकाना कोणी वाचत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ देताघेता एक मोठी चूक सापडली.

मार्जिनच्या अटी जिथे माहीत नाहीत ते कप्पे मी रिकामे ठेवले होते. स्क्रिप्ट रिकाम्या कप्प्याला शून्य समजत होती. शून्य मागणी म्हणजे शून्य धोका. म्हणजे जिने काहीच सांगितलं नाही ती कंपनी आमच्या यादीत सगळ्यात सुरक्षित, आणि जिने तारणाच्या अटी दोन पानं भरून दिल्या ती वर. २१ डिसेंबरच्या क्रमाचा निम्मा गोंधळ याच चुकीचा. ती लहान कंपनी वर का आली? कारण तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

सगळे रिकामे कप्पे ‘सांगितलेलं नाही’ असे भरले. त्यांना आता दोन किमती: तारणाचा करार नसेल तर शून्य, पूर्ण तारण लागत असेल तर सगळा तोटा रोख. प्रत्येक कंपनीपुढे एक आकडा न राहता एक पट्टा आला. काहींचा बोटभर, काहींचा पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. क्रमांक काढून टाकले. पट्ट्याच्या रुंदीप्रमाणे लावले.

१७ जानेवारी, शनिवार

मामाचा फोन. व्यापारी यायला लागलेत, भाव बरा बोलतात. मी विचारलं, इसार किती देतोय? म्हणाला, “इसाराचं सोड. गावातल्या पोरांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप केलाय, कोणी कोणाचा प्लॉट बोलला ते त्याच्यात टाकायचं. मानसं नाव टाकाया लाजत्यात, पर टाकत्यात.”

फाइल काकांना पाठवली, ४६ ओळी, पट्ट्यांसकट. रात्री साडेदहाला उत्तर आलं: “एकोणिसावी ओळ. लाख आहेत, तू कोटी धरलेस.”

उद्या बघतो.